तळ्यात सोडलेलं सूत

मोखाड्याची एस.टी. किती वाजता सुटते, हे त्या सकाळी भिवंडी स्टँडवरच्या झाडून सगळ्यांना कळलं. चौकशीच्या खिडकीत विचारणारा माणूस एकटाच होता, पण त्याचा आवाज असा, की बाकाखाली झोपलेला कुत्रा उठून पलीकडच्या फलाटावर गेला.

विद्युल्लता त्याच्या मागेच उभी होती.

"अहो, खिडकीतले साहेब इथेच बसलेत," ती म्हणाली. "मोखाड्यात नाहीत."

तो वळला. तिशीच्या आतला, उंच, दाट भुवयांचा. शर्टाच्या खांद्यावर कापसाचे पांढरे तंतू चिकटलेले. "काय म्हणालात?" त्याने तेवढ्याच मोठ्याने विचारलं आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला.

डोळ्यांकडे नाही... ओठांकडे.

विद्युल्लताने पदर सारखा केला. "काही नाही म्हणाले."

"न्हाय, काहीतरी म्हणालात."

"म्हणाले, हळू बोला. आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायची पद्धत आहे आमच्यात."

त्याचे कान लाल झाले. तो बाजूला झाला, आणि आता हा माणूस पुन्हा दिसू नये असं तिने मनोमन ठरवलं. पाचच मिनिटांत तो एस.टी.त तिच्या पुढच्या बाकावर येऊन बसला. शाळेची शिपाईण ठमाबाई तंबाखू मळता मळता म्हणाली, "आले का केसरीनाथशेठ? बाई, हेच ते. आपल्याबरोबर जागा बघायला येनार ते पालक."

१९८८ सालचा नोव्हेंबर होता. विद्युल्लता जूनमध्ये मुलींच्या शाळेत लागली होती, तीही हंगामी. गाईड पथक सांभाळायचं या अटीवर. नाताळच्या सुट्टीत पथकाचं शिबिर व्हायचं होतं. मुली रोज विचारत, बाई, डोंगरात जायचं ना, तळ्याकाठी जायचं ना? त्यातल्या बऱ्याच मुलींची घरं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांना चिकटून होती. भिंत थरथरत नाही अशा खोलीत त्या कधी झोपल्याच नव्हत्या. पण शाळेत दोन वर्षं शिबिर झालं नव्हतं. त्याआधीच्या शिबिरात एक मुलगी बुडून गेली होती. जागा निवडणारी शिक्षिका नोकरी सोडून गेली, आणि मुख्याध्यापिका सुमतीबाईंनी नवा नियम केला. जागा दोघांनी बघायची, एक गाईडची शिक्षिका आणि एक पालकांचा माणूस. दोघांनी हो म्हटलं तरच शिबिर. यंदाही झालं नाही, तर पथक बंद.

आणि पथक बंद झालं, तर विद्युल्लताची नोकरीही.

"ते असे तोंडाकडे का बघतात?" तिने ठमाबाईच्या कानात विचारलं.

ठमाबाई खो खो हसली. "अवो, लूमवाल्याचं पोर ते! कारखान्यात कानाचा काय उपेग? तिथं समदे ओठ बघूनच ऐकतात. तुम्हाला काय वाटलं?"

विद्युल्लताला जे वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. पुढच्या बाकावरचे कान अजून लालच होते.

*

वाकीचं तळं रस्त्यापासून अर्ध्या तासावर, सागाच्या जंगलात. तीन बाजूंनी डोंगर उतरलेले, चौथ्या बाजूला मातीचा बांध. वाऱ्याला ओल्या पानांचा वास होता. ठमाबाई गुडघे धरून पहिल्याच झाडाखाली बसली. "मी इथून लक्ष ठेवतंय. मोठ्या बाईंनी त्याच्यासाठीच धाडलंय मना," असं म्हणून तिने डोळे मिटले.

विद्युल्लताला जागा बघताक्षणी आवडली. सपाट गवत, दाट सावली, जवळच पाड्याची विहीर. तंबू कुठे लागतील, चूल कुठे मांडायची, झेंडा कुठे... ती बोलत होती आणि केसरीनाथ ऐकत होता. या वेळी तो निग्रहाने तिच्या डोळ्यांकडे बघत होता, इतक्या निग्रहाने की तिलाच हसू आलं.

"ओठांकडे बघा हो," ती म्हणाली. "तुम्हाला काही ऐकू येत नाहीये."

"येतंय," तो म्हणाला. "पण अर्धंच."

मग तो काठावर गेला. खिशातून त्याने एक बॉबिन काढली. तिच्यावर जाड पीळ दिलेलं सूत, सुताच्या टोकाला लोखंडी नट, आणि हात-हात अंतरावर गाठी. चपला काढून तो पाण्यात उतरला आणि नट पुढे फेकला. सूत सरसरत गेलं आणि थांबलं. त्याने गाठी मोजल्या, दोन पावलं बाजूला सरकला, पुन्हा फेकला.

"मासे धरताय?" विद्युल्लताने काठावरून विचारलं. "गळ लावायला विसरलात!"

तो तिच्याकडे पाठ करून होता. त्याने ऐकलं नसावं.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. पोटऱ्यांना चिखल माखला होता. "न्हाय," तो म्हणाला. "खाली गाळ हाय. पाय रुततो. ही जागा न्हाय."

"मुली पाण्यात उतरणारच नाहीत. दोरी बांधू."

"भांडी कुठं घासतील?"

उत्तराची वाट न बघता तो पुढे निघून गेला. ठमाबाईने एक डोळा उघडला.

"बुडाली ना, ती त्याची भईन व्हती," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कमळ. नववीत व्हती. त्या शिबिराचं तळं येगळं. सकाळची भांडी घासायला काठावर गेली. दोन पावलं पानी घोट्याएवढं, तिसऱ्या पावलाला खड्डा... बांधाला माती काढलेली ना, तो. वरून काय दिसतो? मी तिथंच व्हते, बाई. हातातलं पातेलं तरंगत व्हतं तिचं."

विद्युल्लताने वाकून चप्पल घातली. पट्टा लागत नव्हता. गळ लावायला विसरलात... हे आपण म्हणालो.

परतीच्या एस.टी.त ती उठून त्याच्या शेजारी बसली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. गाडीचा खडखडाट चालू होता, म्हणून तिने त्याच्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द नीट उच्चारून पुन्हा सांगितलं.

त्याने ओठांकडे पाहिलं. मान हलवली. टेमघरचा फाटा आला, त्याचा कारखाना तिथेच होता. उतरताना तो म्हणाला, "बाई, गळाचं ऐकलं होतं मी. तुम्ही मोठ्यानं बोलता."

आणि किंचित हसला.

*

पुढच्या रविवारचं ठरवायला ती त्याच्या कारखान्यात गेली. दारातच तिच्या छातीवर आवाज आदळला. लांबलचक शेडमध्ये दोन्ही बाजूंना लूम, धोटे इकडून तिकडे फेकले जात होते, जमीन हलत होती, हवेत कापूस उडत होता. केसरीनाथ शेडच्या पार टोकाला होता. त्याने तिला पाहिलं आणि ओठ हलवले. तिला काही कळलं नाही. मधल्या लूमवरचा दाढीवाला कारागीर मात्र वळून हसला आणि तिच्या कानाशी येऊन ओरडला, "शेठ बोलता है, पाँव संभालो, तेल गिरेला है!"

त्याचं नाव नूरुद्दीन. इथला सर्वांत जुना माणूस.

मागच्या खोलीत आवाज थोडा कमी होता. केसरीनाथने चहा मागवला. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, त्यावर झाकण आणि झाकणावर पाटा ठेवलेला.

"हा पाटा कशाला?"

"आईनं ठेवलाय. घरीबी हाय एक. उघडं पाणी तिला बघवत न्हाय." त्याने चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "हा कारखाना वर्षाचे बारा महिने वाजतो, बाई. सणाला आणि लाईट गेली तर थांबतो, तेवढाच. एकदाच असा थांबला... कमळला आणलं तेव्हा. कुणी सांगितलं न्हवतं. नूरुद्दीनचाचानं आपल्या लूमचा दांडा ओढला, मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं. तेव्हापासून मना शांतता सोसत न्हाय."

विद्युल्लताने बशी दोन्ही हातांत धरली.

"ती शाळेतून आली की दारातच उभी राहायची," तो म्हणाला. "मी त्या टोकाला, ती या टोकाला. दिवसभराचं सगळं सांगायची. आवाज न काढता. कोण बाई रागावली, कुणाची वेणी सुटली... सगळं. आता दारात येतात ते हिशेबाचंच बोलतात."

"मला शिकवा," विद्युल्लता म्हणाली.

"काय?"

"आवाज न काढता बोलायला."

त्याने तिच्याकडे बघितलं. या वेळी डोळ्यांकडेच. "नाव सांगा तुमचं. नुसते ओठ हलवून."

तिने सांगितलं.

"अरे बापरे... वि-द्यु-ल्ल-ता! एवढं लांब? मध्येच सूत तुटेल. छोटं न्हाय काही?"

"आहे. पण ते घरच्या माणसांसाठी आहे," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर चहात बघत बसली.

*

करवंदीच्या तळ्यावर त्यांना अवकाळी पावसाने गाठलं. आभाळ भरून आलं, डोंगर एकेक करून पुसले गेले, आणि ठमाबाई "मेले, मेले!" करत पाड्यावरच्या एका घराकडे पळाली. तिचे गुडघे त्या वेळी अगदी ठणठणीत होते. विद्युल्लता आणि केसरीनाथ जांभळाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. पानांतून थेंब गळत होते. तिची वेणी भिजली होती. त्याने रुमाल काढला, तिच्यापुढे धरला, मग त्यावरचा तेलाचा डाग बघून पुन्हा खिशात घालायला लागला.

"द्या इकडे," तिने तो ओढून घेतला. रुमालाला यंत्राच्या तेलाचा आणि साबणाचा वास होता. ती केस पुसत राहिली... जरा जास्तच वेळ.

"तुमच्याकडे काय म्हणतील?" त्याने विचारलं. "ब्राह्मण आळीतली मुलगी आगरी पोराच्या रुमालानं डोकं पुसते."

"म्हणतील, सर्दी झाली नाही ना?"

तो हसला. मोठ्याने, त्याच्या त्या स्टँडवरच्या आवाजात. समोरच्या झाडावरचे दोन बगळे उडाले. तीही हसली आणि थोड्या वेळाने दोघंही एकदम गप्प झाले. पावसाचा आवाज होता म्हणून बरं.

पाऊस थांबला. केसरीनाथ पाण्यात उतरला. सूत फेकलं, ओढलं, पुन्हा फेकलं. ती काठावर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तळ सपाट होता, तिलासुद्धा दिसत होता, वाळूचा, स्वच्छ. तो लांबवर गेला तरी पाणी कमरेच्या वर येईना.

तो बाहेर आला. "न्हाय."

"का?"

"शेवाळ हाय. पाय घसरतो."

"केसरीनाथ," ती म्हणाली. पहिल्यांदाच नावाने. "खरं सांगा. तुम्हाला जागा नकोच आहे ना?"

तो बॉबिनवर ओलं सूत गुंडाळत राहिला. सगळं गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "न्हाय. नको हाय. कमळ गेली तरी पालकसभा मी सोडत न्हाय. तिथं सुमतीबाईंनी विचारलं, पालकांतून कोण जाईल, तेव्हा मी पहिला उठलो. म्हटलं, दर जागेला न्हाय म्हणेन. एकबी पोर पाण्याजवळ जाणार न्हाय."

"आणि पथक बंद पडेल."

"पडू दे. पोरी जित्या राहतील."

"त्या घरात बसल्या म्हणजे सुखरूप राहतील? उद्या एखादी कुठल्या तरी पाण्यात पडलीच, तर तिला पोहता येणार नाही, दोरी टाकता येणार नाही. तेच शिकवायचंय मला! कमळला कुणी शिकवलं होतं?"

शेवटचं वाक्य तिला परत घ्यावंसं वाटलं. पण ते निघून गेलं होतं, आणि त्याने ते ओठांवरून आणि कानांनी, दोन्हीकडून ऐकलं होतं.

त्याने चपला घातल्या. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "एक विचारू? मघाशी हसलात झाडाखाली. ते माझ्या सहीसाठी, की... माझ्यासाठी?"

तिचा चेहरा तापला. रागाने की कशाने, ते तिला सांगता आलं नसतं. कारण खरं सांगायचं तर सहीचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. हा माणूस विरघळला तर हो म्हणेल... असा एक क्षण होता. झाडाखालचा नाही, पण होता.

"आत्ता काहीही म्हटलं तरी तुम्हाला ते खोटं वाटेल," ती म्हणाली. "उत्तर नंतर देईन."

घराच्या पडवीत ठमाबाई चुलीपुढे पदर सुकवत बसली होती. दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "पाऊस तर थांबला. मंग तुमच्यावर कशाला अजून ढग?"

कुणी हसलं नाही.

*

घोडतळं मोखाड्याच्याही पुढे, घाटाच्या डोक्यावर. हा शेवटचा रविवार होता. सोमवारी सुमतीबाईंना जागा सांगायची होती.

ऐन आणि हिरड्याच्या जंगलातून पायवाट वर चढत गेली, आणि झाडं संपली तिथे पाणी समोर आलं. विद्युल्लता थांबलीच. एवढं निळं पाणी तिने पाहिलं नव्हतं. काठाला हिरवळीचा लांब पट्टा, जणू कुणी मुद्दाम तंबूंसाठी आखून ठेवलेला. डाव्या हाताला झरा. मागे वनरक्षकाची चौकी, कौलारू, धूर निघत असलेली. डोंगराचं उलटं चित्र पाण्यात पडलं होतं आणि हलतसुद्धा नव्हतं.

ती पळतच खाली गेली. झऱ्याचं पाणी प्यायली. हिरवळीवर पावलं टाकून तिने तंबूंची ओळ आखली. मागे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला माहीत नव्हतं. केसरीनाथ दहा पावलांवर उभा राहून ते बघत होता.

"चालेल," तो म्हणाला.

"काय?"

"ही जागा चालेल. हो."

इतक्या हळू तो कधी बोलला नव्हता. तिला पुन्हा विचारावं लागलं, आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. शिबिर होणार. मुली येणार. पथक राहणार, ती राहणार, भिवंडीत, टेमघरच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर...

ठमाबाई दुरून ओरडली, "झालं का एकदाचं?"

"झालं!" केसरीनाथ म्हणाला.

त्याच्या खिशात बॉबिनचा फुगवटा दिसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग जवळ गेली आणि हात पुढे केला. "सूत द्या."

"कशाला? मी बोललो ना, चालेल."

"द्या."

त्याने बॉबिन तिच्या हातावर ठेवली. सूत कोरडं होतं. पार आतपर्यंत कोरडं.

तिने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि पाण्यात उतरली. घोट्याएवढं पाणी. तळाला गोल, गुळगुळीत गोटे. भांडी घासायला यापेक्षा चांगली जागा शोधून मिळाली नसती. आणखी एक पाऊल. अजून घोट्याएवढंच. तिने नट समोर टाकला, दूर नाही, एखादी मुलगी हात लांब करून कळशी बुडवेल तेवढ्यावर.

सूत सरकायला लागलं. पहिली गाठ बोटांतून गेली. दुसरी. तिसरी. सूत थांबेल म्हणून ती वाट बघत होती. बॉबिन तिच्या तळहातात फिरतच राहिली. वरून पाणी तसंच निळं होतं, डोंगराचं चित्र तसंच स्थिर.

कधीतरी सूत सैल पडलं. ती मागे वळली तेव्हा केसरीनाथ गुडघ्यांवर बसला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी हो म्हणालो," तो म्हणाला. "मी... मी स्वतः हो म्हणालो."

ती बाहेर आली. त्याच्यासमोर गवतावर बसली. थंड वाऱ्याने तिचे पाय काकडत होते.

"तुम्ही पाण्याला हो म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "मला म्हणालात."

त्याने मान खाली घातली. ते नाकारण्यासारखं नव्हतं.

"कमळच्या वेळच्या त्या बाईंनीही असंच केलं असेल," ती सावकाश म्हणाली. "मुली आनंदाने ओरडल्या असतील, जागा सुंदर असेल, आणि तेवढ्यावर हो म्हटलं असेल त्यांनी. वाईट नसतील हो त्या." तिने ओलं सूत गुंडाळायला घेतलं. "ही जागा नाही."

"बाई... तुमची नोकरी जाईल."

"जाईल."

"पुढच्या रविवारी अजून एखादं—"

"पुढचा रविवार नाहीये, केसरीनाथ."

त्याने बॉबिन तिच्याकडून घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. मग तो हात तसाच, तिच्या हातावर राहिला. तळ्यावर इतकी शांतता होती की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. ठमाबाईने त्या दिवशी दोन्ही डोळे खरोखरच मिटून घेतले.

*

सुमतीबाईंनी ऐकून घेतलं. टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात? ते हो म्हणत असताना?" मग बोट थांबलं. "बरोबर केलंत," एवढंच म्हणाल्या. पथक बंद झालं. मुलींनी निळे स्कार्फ धुऊन, घडी करून परत आणून दिले. एकीने विचारलं, "बाई, मग तळं कसं असतं ते तरी सांगा ना." विद्युल्लताने सांगितलं. निळं असतं, एवढंच सांगितलं.

नाताळच्या आधी तिची नोकरी संपली. नवी मिळाली ती जव्हारच्या बाजूला, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत. वडिलांना आधीच ते पटलं नव्हतं. पुढे जे सांगायचं होतं ते ऐकल्यावर ते काय करतील, याचा विचार तिने पुढे ढकलला.

निघायच्या आधी ती कारखान्यात गेली, बॉबिन परत करायला.

सगळे लूम चालू होते. ती दारात थांबली, जिथे कमळ थांबायची तिथे. केसरीनाथ पार टोकाला होता. त्याने वर पाहिलं. दोघांच्या मध्ये लूमच्या दोन रांगा, उडणारा कापूस, आणि कानठळ्या बसवणारा तो आवाज.

कधी? त्याचे ओठ हलले. तिला कळलं. शिकवणी वाया गेली नव्हती.

उद्या, तिने सांगितलं. आवाज न काढता.

जव्हार लांब हाय.

तळी जवळ आहेत. एकाच रविवारी जागा बघायची नसते, केसरीनाथ. पावसात बघायची, उन्हात बघायची, पाणी चढताना बघायचं, उतरताना बघायचं. मी वर्षभर बघणार आहे. तेव्हा सापडेल. मग मुलींना घेऊन जाऊ.

तो ऐकत होता. त्याची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही आणि आता तिला त्याचा राग नव्हता.

मधल्या लूमवर नूरुद्दीनचे हात थांबले होते. त्याच्या समोरचाही बघत होता. ओळीतले सगळेच बघत होते. या शेडमध्ये ओठांवर आलेलं काही लपून राहत नाही, हे विद्युल्लताला पक्कं ठाऊक होतं. दोन पावलं मागे सरकून, केसरीनाथला खुणेने खोलीत बोलावून, तिला हे एकांतात सांगता आलं असतं. ती दारातच उभी राहिली.

तुम्ही विचारलं होतंत, तिने सांगितलं. मी हसले ते सहीसाठी, की तुमच्यासाठी. आता सही नको आहे. नोकरी नाही, पथक नाही, काही मागायचं उरलं नाही. तरी बघा... मी हसतेय.

आणि ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी.

नूरुद्दीनने आपल्या लूमचा दांडा ओढला. मग पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. एकेक धोटा थांबत गेला, जमीन हलायची राहिली, आणि शेडमध्ये शांतता उतरली. तीच, कमळला आणलं तेव्हाची. केसरीनाथने हात पुढे करून एका लूमचा आधार घेतला.

तेवढ्यात दारापाशी, विद्युल्लताच्या मागच्या बाजूला असलेल्या एका कारागिराने डोकं बाहेर काढलं. "मॅडम," तो काकुळतीने म्हणाला, "मैं पीछे था. मेरे को नहीं दिखा. क्या बोले आप?"

सगळी शेड हसली. नूरुद्दीन दाढीतल्या दाढीत म्हणाला, "चूप बैठ. तेरे लिए नहीं था."

"पण सांगायला काय हरकत आहे?" विद्युल्लता म्हणाली, आणि सांगायचं राहिलेलं तेवढं मोठ्याने सांगितलं. आवाज कापत होता, पण शेवटच्या लूमपर्यंत पोचला. "रविवारी जव्हारला या. सूत घेऊन या. आणि आईंना घेऊन या."

केसरीनाथ रांगेतून चालत आला. तिच्यासमोर थांबला. स्टँडवर कुत्र्याला उठवणारा तो आवाज कुठे गेला होता, कोण जाणे.

"आई तळ्यावर यायची न्हाय," तो अगदी हळू म्हणाला. "पण तुमच्या दारापर्यंत आणीन तिला... विद्युल्लता."

सगळं नाव, मध्ये न तोडता.

तिने बॉबिन त्याच्या हातात दिली. सूत वाळलं होतं, पण घोडतळ्याच्या पाण्याचा डाग त्यावर राहिला होता. त्याने ते खिशात ठेवलं, बंद पडलेल्या लूमच्या ओळीकडे एकदा पाहिलं, आणि पुढे होऊन पहिला दांडा स्वतः ढकलून लूम पुन्हा चालू केला.